मदत हवी आहे: २८ मिमी फिगर्ससाठी ओस्तियातली रोमन गल्ली बनवतोय, विटा, गिलावा आणि उंचीबद्दल सल्ला द्या

नमस्कार मंडळी,

आम्ही चार मित्र २८ मिमी मिनिएचर्सचा (छोट्या रंगवलेल्या फिगर्सचा) स्कर्मिश गेम, म्हणजे छोट्या चकमकींचा टेबलावरचा खेळ, खेळतो. रोमन काळ, दोन टोळ्या, प्रत्येकी आठ-दहा फिगर्स, आणि मारामारी मैदानात नाही तर शहरातल्या गल्लीबोळात. फिगर्स रंगवून झाल्यात, टेबल ९० बाय ९० सेमीचं आहे, फक्त त्यावर उभं करायला शहर नाहीये, ते मी बनवायला घेतलंय आणि काही ठिकाणी अडलोय म्हणून हा धागा.

आधी मला काय हवंय ते सांगतो, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. नेटवर रोमन टेरेन (टेबलावर ठेवायच्या इमारती, रस्ते) शोधलं की पांढरे खांब, पांढऱ्या पायऱ्या, पांढरं देऊळ हेच दिसतं. मला संगमरवराचं रोम नकोय, मला भाडेकरूंचं रोम हवंय. ज्या इमारतींना इन्सुला म्हणतात त्या, म्हणजे तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून दुकानं, दुकानात पोटमाळा, वर भाड्याच्या खोल्या, जिना थेट रस्त्यावर उघडणारा. मुंबईची जुनी चाळ ज्याने बघितलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. शहरातली बहुतेक माणसं अशाच ठिकाणी राहत होती आणि टोळ्यांची भांडणं झाली असतील तर ती इथेच, देवळाच्या पायऱ्यांवर नाही.

म्हणून ओस्तिया निवडलं. टायबर नदीच्या मुखाशी असलेलं रोमचं बंदर, दुसऱ्या शतकात ट्राजन आणि हेड्रियन या सम्राटांच्या काळात त्याचा बराच भाग नव्याने बांधला गेला, आतून काँक्रीट आणि बाहेरून विटा. कासा दि दियाना नावाची इन्सुला तिथे अजून वरच्या मजल्यापर्यंत उभी आहे, तिच्या दर्शनी बाजूला बाल्कनीची ओळ आहे, आणि त्याच गल्लीत एक खानावळ आहे जिचा दगडी कट्टा आणि भिंतीवरचं खाण्याच्या पदार्थांचं चित्र आजही दिसतं. त्याच गल्लीसारखी गल्ली करायची आहे, हुबेहूब नाही पण ओस्तिया बघितलेल्या माणसाला लगेच ओळखता यावी अशी.

आता अडचणी.

पहिली उंचीची. सम्राट ऑगस्टसने रोममध्ये रस्त्याकडेच्या इमारतींना ७० रोमन फुटांची मर्यादा घातली होती, ट्राजनने ती ६० वर आणली. रोमन फूट म्हणजे २९.६ सेमी धरा, तर ६० फूट झाले पावणेअठरा मीटर, आणि २८ मिमी साठी १:५६ स्केल (खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाइतकं) घेतली तर इमारत ३२ सेमी उंच येते. अशा चार इमारती टेबलावर ठेवल्या की मागच्या फिगर्स दिसत नाहीत आणि गल्लीत हात जात नाही. बरं गल्ल्यांचंही तेच, जुन्या कायद्यात रस्ता सरळ भागात ८ फूट आणि वळणावर १६ फूट रुंद असावा असं होतं, ८ फूट म्हणजे आपल्याकडे सव्वाचार सेमी! २५ मिमी बेसच्या (पायाखालच्या चकतीच्या) दोन फिगर्स शेजारी शेजारी मावत नाहीत. तुम्ही लोक अशा वेळी स्केल सोडता की मजले कमी करता? दोनच मजले केले तर ती इन्सुला वाटतच नाही हो, व्हिला वाटते.

दुसरी विटांची, आणि ही मला सगळ्यात जास्त छळतेय. रोमन वीट पातळ असते, साडेतीन-चार सेमी जाडीची, वर चुन्याचा जाड थर. स्केलला आणली तर वीट पाऊण मिमीची पण होत नाही. चार मजली दर्शनी भिंतीवर पेनने ओळी मारत बसलो तर दिवाळी येईल, नाही मारल्या तर भिंत नुसती नारिंगी पाटी दिसते. आणि रंगवल्यावर विटांची भिंत, कौलं, लाल गिलावा सगळं एकाच तांबूस रंगाचं होऊन बसतं, लाल अंगरख्यातली फिगर समोर ठेवली की गायब.

तिसरी सामानाची. मी पुण्यात आहे आणि पाऊस सुरू झालाय. माउंट बोर्डवर फेव्हिकॉल लावला की बोर्ड वाकतो, वाळला तरी पूर्ण सरळ होत नाही. थर्मोकोलचे मणी सुटतात, वर २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, त्यामुळे तो विषय मी सोडलाच. निळा एक्सपीएस फोम (मणी नसलेला घट्ट इन्सुलेशन फोम) मिळालाय एका छपराच्या इन्सुलेशनवाल्याकडून, पाच सेमी जाड. गणपतीचे मखर बनवणाऱ्या एका काकांनी गरम तारेचा कटर दिलाय वापरायला, त्याने काप सुंदर निघतात. पण नुसत्या फोमच्या भिंती खेळताना टिकतील का?

आणि एक शेवटचं, मला पॉम्पेईचा (ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं रोमन शहर) तो खालचा लाल पट्टा आणि वर पांढरी भिंत फार आवडते, ती ओस्तियाच्या विटांशेजारी ठेवली तर चालेल का? पॉम्पेई ७९ साली गाडलं गेलं, माझी गल्ली त्यानंतरची आहे. जाणकारांनी स्पष्ट सांगा, चुकीचं असेल तर मी काढून टाकेन.

प्रतिसाद

विषय बघून फार आनंद झाला, देऊळ सोडून चाळ बांधणारं कोणीतरी भेटलं. मी रंगकामाचं आणि बांधणीचं सांगतो, इतिहासाचं कोणीतरी बोलेलच.

सांगाडा ५ मिमी सनबोर्डचा करा. आर्किटेक्चरची मुलं मॉडेलला वापरतात तो पीव्हीसीचा बोर्ड, स्टेशनरीत मिळतो, पाणी पीत नाही त्यामुळे पावसात वाकत नाही. त्या काकांच्या कटरवर एक्सपीएसचे ३-४ मिमीचे पातळ काप काढा आणि ते सांगाड्यावर बाहेरून चिकटवा. म्हणजे मजबुती सनबोर्डची आणि कोरायला फोम. चिकटवायला फेव्हिकॉल नको, दोन्हीकडून पाणी न शोषणारा पृष्ठभाग असला की तो आत वाळतच नाही, कमी तापमानाची ग्लू गन घ्या. रबर सोल्युशनवाला गम आणि फेविक्विक फोम खातात. स्प्रे प्रायमरही खातो, म्हणून आधी फेव्हिकॉल, थोडं पाणी आणि काळा ॲक्रेलिक एकत्र करून दोन हात मारा, कोपरे आणि विटांच्या फटी नीट भरून, मग वर काहीही चालतं.

विटा सगळ्या कोरू नका. आडव्या ओळी स्टीलपट्टी धरून दीड-दीड मिमीवर बॉलपेनने ओढा, हे स्केलपेक्षा मोठं आहे पण टेबलावरून दोन फुटांवरून बरोबर वाटतं. उभ्या फटी फक्त कोपऱ्यात, दारं-खिडक्यांच्या आजूबाजूला आणि मध्ये कुठे कुठे. दारावरची कमान मात्र नीट करा, उभ्या विटांची चपटी कमान हीच तर ओस्तियाची ओळख आहे, तिथे कंटाळा नको.

रंगाबद्दल, तुमचा तांबूस गोंधळ होतोय कारण सगळीकडे एकच बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) जातोय बहुतेक. भिंतीला यलो ऑकर (मातकट पिवळा) जास्त, बर्न्ट सिएना कमी आणि पांढऱ्याचा थेंब असं फिकट पिवळसर ठेवा. वाळल्यावर लहान ब्रशने सुट्या विटा गडद, गुलाबी, करड्या करा, पाच-सहातली एखादी. मग वॉल पुट्टी पातळ करून त्यात रॉ अंबर (मातकट तपकिरी) टाका, भिंतीवर चोळा आणि ओल्या स्पंजने लगेच पुसा, फटीत चुना राहतो आणि वीट वर येते. कौलं याच्यापेक्षा दोन शेड गडद आणि जास्त केशरी. रस्ता थंड निळसर करडा. भिंत फिकट आणि रस्ता थंड असला की लाल अंगरखा आपोआप पुढे येतो, फिगरला काही करावं लागत नाही.

रस्ता काळा करू नका हं. तिथली फरसबंदी बेसॉल्टसारख्या लाव्हाची आहे, मोठे वेडेवाकडे बहुकोनी दगड. आपला सह्याद्रीही बेसॉल्टच, कुठल्याही किल्ल्याची कोरडी पायरी उन्हात बघा, ती करडी असते, ओली झाली की काळी. गाड्यांच्या चाकोऱ्या पेन्सिलच्या मागच्या टोकाने दाबा.

कौलांना खोक्याचा कोरुगेटेड पुठ्ठा लावू नका, पाऊस हे एक कारण आणि दुसरं म्हणजे रोमन छप्पर नुसतं नागमोडी नसतं. खाली कडा वळवलेलं सपाट कौल आणि दोन कौलांच्या सांध्यावर अर्धगोल कौल. साधारण ८ मिमी रुंद पट्ट्या सनबोर्डच्या २ मिमी शीटमधून कापा, छपरावर उतारात ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर इअरबडची काडी उभी अर्धी चिरून लावा. प्लॅस्टिकची काडी मिळाली तर उत्तम. वेळ लागतो पण पूर्ण टेबलात लोक आधी छपरंच बघतात, कारण आपण वरून बघत असतो.

प्रतिसाद

वर रंगाचं छान आलंय. मी काळाबद्दल आणि उंचीबद्दल लिहितो.

लाल पट्टा चालेल, पण रस्त्याच्या सगळ्या इमारतींना नको. ओस्तियात बऱ्याच दर्शनी भिंतींच्या विटा उघड्याच ठेवलेल्या दिसतात, आणि काही ठिकाणी तर वीट हीच सजावट आहे. होरेआ एपागाथियाना नावाच्या कोठाराचं दार बघा, भिंतीतले खांब आणि वरचा त्रिकोण सगळा विटांचा. गिलावा आणि लाल पट्टा एका जुन्या, बुटक्या घराला द्या, जे दोन नव्या इन्सुलांच्या मध्ये अडकून राहिलंय. शहर असंच वाढतं, सगळ्या इमारती एका वर्षी बांधलेल्या नसतात. त्या घराचा गिलावा एका कोपऱ्यात पडलेला दाखवा आणि खाली जाळीदार बांधकाम दाखवा, म्हणजे टफ (ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ) दगडाचे छोटे चौकोन तिरपे बसवलेले. फोमवर दीड मिमीच्या तिरप्या रेघा दोन्ही दिशांनी, झालं.

एक गोष्ट मात्र टाळा. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड असतात ते पॉम्पेईची खूण आहे. ओस्तियात मोठ्या रस्त्यांखालून गटारं होती, तुमच्या गल्लीत ते दगड आले की जाणकार माणूस पॉम्पेई म्हणेल. तसंच भिंतीवर लाल अक्षरात रंगवलेला निवडणुकीचा प्रचार, पॉम्पेईत तो दोन हजारांहून जास्त ठिकाणी सापडलाय, पण तुमच्या गल्लीत तो नको, त्याऐवजी दुकानाची पाटी रंगवा.

उंचीचं उत्तर माझ्या मते असं आहे की एकच इमारत पूर्ण उंचीची करा आणि ती टेबलाच्या कोपऱ्यात ठेवा, जिथे कोणी मागे उभं राहत नाही. बाकीच्या तीन मजल्यांच्या, तळमजला ७ सेमी आणि वरचे ५ सेमी. तळमजला उंच ठेवला की दुकान आणि पोटमाळा दोन्ही दिसतं आणि वरचे मजले बुटके असले तरी डोळ्याला इमारत उंच वाटते. मजले सुटे ठेवा, कोपऱ्यात छोटे मॅग्नेट, म्हणजे आतही लढाई खेळता येते. मुख्य रस्ता १० सेमी, एकच बोळ सव्वाचार सेमीचा आणि तो नियमात एका फिगरपुरता, तिथे अडवून धरायला फार मजा येते.

दुकानांसाठी एक सुचवतो. रोममध्ये सम्राट डोमिशियनने मिऱ्यांसाठी खास कोठार बांधलं होतं, होरेआ पिपेरातारिया, आणि ती मिरी भारतातून जायची. पॉम्पेईत १९३८ साली एका घरात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्याच धाटणीची मूर्ती आपल्याकडे जालना जिल्ह्यात भोकरदनला उत्खननात मिळालीय. बंदराच्या गावात मिऱ्यांच्या गोण्यांचं दुकान अगदी शोभेल, मागच्या फळीवर ४-५ मिमीची पांढरी मूर्ती ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जुनं बुटकं घर दोन इन्सुलांच्या मध्ये, हे मला सुचलंच नसतं, आणि त्याने लाल पट्ट्याचा प्रश्न पण सुटला. मिऱ्यांचं दुकान नक्की करणार, गोण्या एमसीलच्या करेन. सनबोर्ड उद्याच आणतो. एकच शंका राहिली, शेवटचं मॅट व्हार्निश पावसाळ्यात स्प्रे केलं तर पांढरं धरतं असं ऐकलंय, ते खरं आहे का, की ब्रशने मारू?

प्रतिसाद

खरं आहे, हवेत दमटपणा असला की स्प्रे मॅट व्हार्निश धुरकट पांढरं होतं आणि गडद रंगांवर, म्हणजे नेमकं तुमच्या रस्त्यावर, जास्त दिसतं. पाण्यात मिसळणारं ॲक्रेलिक मॅट घ्या, मऊ रुंद ब्रशने दोन पातळ हात. पहिला पूर्ण वाळू द्या, पंख्याखाली एक रात्र. आणि छपरांना सगळ्यात आधी मारा, हात तिथेच लागतो.