होल्टर नॉर्मल म्हणजे विषय संपला असं नाही

धडधडीसाठी होल्टर (अंगावर लावून दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावला की ‘होल्टर नॉर्मल आला, आता काळजी सोडा’ असं काही जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. लावलेल्या २४ तासांत ठोके बिघडले नाहीत, एवढंच त्यावरून कळतं. आमच्या आबांना (खानापूर तालुका, वय ७१) आठ-दहा दिवसांतून एकदा धडधड व्हायची, तीही पहाटे गोठ्यात गेल्यावर. बेळगावात दोनदा होल्टर झाला, दोन्ही वेळा काही नाही. मग डॉक्टरांनी छातीला चिकटवायची पट्टी १४ दिवस ठेवायला दिली आणि अकराव्या दिवशी एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडणं) सापडलं. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते, अर्धांगाचा धोका साधारण पाचपट होतो. रक्त पातळ करायची गोळी तेव्हाच सुरू केली.

आणि एक, पट्टी असो की होल्टर, वेळ लिहून ठेवा. आईनं कॅलेंडरवरच लिहिलं होतं, ‘४.१०, धार काढताना, धडधड, घाम’. डॉक्टरांनी पट्टीच्या नोंदीत नेमकी तीच वेळ काढून बघितली. स्मार्टवॉचवर ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) काढणाऱ्यांना सांगते, ते ३० सेकंदांचंच असतं, धडधड चालू असतानाच हात टेकवून, न हलता घ्यायचं आणि त्याची पीडीएफ डॉक्टरांना दाखवायची. हार्ट अटॅक मात्र त्यात कळत नाही. छातीत दुखत असेल तर घड्याळ बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.