घरी केलेली स्वस्त वाईन मुरवावी की लगेच संपवावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. येथे स्वतःपुरती वाईन घरी करण्यास कायद्याची आडकाठी नाही, फक्त ती विकता येत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय असे करणे गुन्हा आहे, त्यामुळे तेथील वाचकांनी हा धागा केवळ माहितीसाठी वाचावा.) गेल्या सप्टेंबरात मी साडेचार लिटरच्या दोन काचेच्या बुधल्यांत दोन प्रकारची वाईन लावली आणि आता जानेवारीत दोन्हींच्या बाबतीत अडलो आहे.

पहिली वाईन निव्वळ काटकसरीची आहे. दुकानातील खोक्यातला लाल द्राक्षांचा रस तीन लिटर, अर्धा किलो साखर, एका लिंबाचा रस, तुरटपणासाठी कपभर कडक कोरा चहा, वाईनचे यीस्ट आणि उरलेले पाणी, एवढेच साहित्य होते. रसात यीस्टला मारक असे परिरक्षक नाही ना, हे खोक्यावर वाचून घेतले होते. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता आणि त्यावरून साखरेचा अंदाज देणाऱ्या उपकरणाचा) आकडा सुरुवातीला १.०८४ होता आणि शेवटी ०.९९४ वर स्थिरावला, म्हणजे मद्यार्क सुमारे १२ टक्के असावा. सहा बाटल्यांचा हिशेब केला, तर बाटलीमागे दीड पौंडही पडला नाही.

दुसरीसाठी कालव्याकाठच्या कुंपणांवरून दीड किलो ब्लॅकबेरी आणि अर्धा किलो एल्डरबेरी (एल्डर या झुडपाची बारीक काळी फळे) तोडून आणल्या. कच्च्या एल्डरबेरी पोटाला बाधतात, म्हणून त्या उकळून घेतल्या आणि एक किलो साखर घातली. नखांखालचा जांभळा रंग आठवडाभर गेला नव्हता.

दोन्ही वाईन गाळावरून नळीने दुसऱ्या बुधल्यांत काढून झाल्या आहेत. खोक्यातील रसाची वाईन आजच पिण्याजोगी, पण पातळ आणि काहीशी पोकळ लागते. ब्लॅकबेरीची मात्र अर्धकच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तशी तोंड आवळते, शिवाय सुरुवातीला तिला उकडलेल्या अंड्यासारखा वासही येत होता. तो आता बराच विरला आहे. त्यातच, मी सुट्टीवर असताना पहिल्या बुधल्याच्या एअरलॉकमधील (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत येऊ न देणाऱ्या झडपेतील) पाणी रेडिएटरच्या उबेने आटून गेले, आणि त्या बुधल्यात वरची चार बोटे जागा रिकामी आहे.

जुनी वाईन ती चांगली, असे सगळेच सांगतात. पण लोणचे मुरते तशी प्रत्येक वाईन मुरते का, की वर्षभर थांबून माझ्या हाती केवळ जुनी झालेली सामान्य वाईन येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपल्याला आज जी कमी आवडते आहे, तीच थांबण्यासारखी आहे. ‘मुरणे’ या एका शब्दात आपण निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. गाळ बसणे, विरघळलेला वायू निघून जाणे आणि अंड्यासारखा वास विरणे ही कामे पहिल्या काही महिन्यांत बहुतेक उरकतात, व ती कोणत्याही वाईनमध्ये होतात. त्यानंतरची सुधारणा मुख्यतः तुरट द्रव्यांवर अवलंबून असते: ती हळूहळू एकमेकांना जोडली जातात, काही गाळात बसतात आणि जिभेवरची पकड सैल होते. एल्डरबेरीत ही द्रव्ये भरपूर असतात. खोक्यातील रस मात्र सालींसह आंबलेला नसतो, म्हणून त्यात ती बेताचीच असतात आणि कपभर चहाने ती उणीव भरून निघत नाही. ज्या वाईनकडे मुरायला काही नाही, ती नुसती शिळी होते. (मी एकदा एल्डरच्या फुलांची वाईन हौसेने दोन वर्षे जपली, सुगंध गेला आणि आंबट पाणी उरले.)

त्यामुळे पहिली वाईन उन्हाळ्यापर्यंत संपवावी. तोवर ती लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, कारण रिकाम्या जागेतील हवाच तिचा घात करते; त्याआधी साडेचार लिटरला एक कॅम्पडेन गोळी (वाईन खराब होऊ नये म्हणून घालायची सल्फाइटची गोळी) कुटून घाला. ब्लॅकबेरीची वाईन निदान पुढच्या हिवाळ्यापर्यंत १२ ते १५ अंशांच्या आसपास, अंधारात ठेवा. रेडिएटरजवळ तर मुळीच नको. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन आठवडे हलला नाही, याची खात्री झाल्यावरच बुचे लावा. अन्यथा उरलेली साखर बाटलीत आंबून बाटली फुटू शकते. दर तीन महिन्यांनी एक बाटली उघडून चव लिहून ठेवलीत, तर किती काळ थांबायचे हे आपले आपल्यालाच कळेल.

एअरलॉक कोरडा पडलेल्या बुधल्यातील थोडी वाईन मात्र आजच वाटीत काढून हुंगून पाहा. व्हिनेगरचा वास येत असेल, तर तो दोष थांबल्याने वाढतच जातो. ती वाईन स्वयंपाकात वापरा, आणि तिला लागलेली नळी निर्जंतुक केल्याशिवाय ब्लॅकबेरीच्या बुधल्यात घालू नका.