शेजारच्या काकू चहाच्या गाळण्या लुटतात, म्हणजे नक्की काय करतात?

कानपूरची_सून
मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण विचारतेच. परवा शेजारच्या काकूंचा फोन आला, स्पीकरवर होता, "रविवारी हळदीकुंकवाला ये गं, यंदा मी चहाच्या गाळण्या लुटतेय." नवरा कानपूरचा, मराठी बऱ्यापैकी समजतं त्याला, तो रिमोट खाली ठेवून म्हणतो, काकू कोणाच्या गाळण्या लुटतायत? मी हसले पण मग त्याने डोकंच खाल्लं, की देणाऱ्या काकू, घेणाऱ्या तुम्ही बायका, मग लुटणाऱ्या तुम्ही झालात ना, काकू कशा काय लुटतात? मला काही सांगता येईना. आणि मग मलाच किडा चावला. आपण दसऱ्याला सोनं लुटतो, आनंद लुटतो, बोरनहाणाला पोरं बोरं लुटतात, पण चोरणे म्हटलं की सगळं वाईटच. खरं तर लूट जास्त वाईट ना? चोर बिचारा लपून तरी येतो.

तळटीप
नवऱ्याचा गोंधळ बरोबर आहे, कारण त्याच्याकडे लूटना आणि लुटाना असे दोन वेगळे शब्द आहेत, त्याच्या हिशोबाने काकू लुटा रही हैं. आपण दोन्हीचं काम एका लुटणे वर भागवतो. दलालाने शेतकऱ्याला लुटलं, आणि नव्या सुनेने पहिल्या संक्रांतीला करंडे लुटले. एकीकडे घेणारा, दुसरीकडे देणारी, आणि कोणाला अडत नाही कारण वाण म्हटलं की आपल्याला आपोआप कळतं. पूर्वी कुंभाराकडून मडकी आणून आवा लुटायचे, तिथेही हेच.

रंकाळ्याकाठचा
दसऱ्याची गोष्ट आठवा की. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी 14 कोटी मोहरा पाहिजे होत्या, रघुराजाची तिजोरी रिकामी, मग कुबेराने आपट्याच्या झाडावर पाऊस पाडला. कौत्साने मोजून तेवढ्याच घेतल्या, उरलेल्या राजाने पण घेतल्या नाहीत, लोकांना म्हटलं लुटा. म्हणजे मालकानेच हात वर केले की मग जी झुंबड उडते ती लूट. आमच्या कोल्हापुरात दसरा चौकात बघायला या, महाराजांनी शमीचं पूजन केलं की पुढच्या मिनिटाला लोक त्या पानांवर असे तुटून पडतात की चप्पल गेली तरी कळत नाही. माझी गेली आहे, 2 वेळा. ती मात्र चोरीला गेली असंच म्हणतो मी 😄

उलटी_बोंब
@रंकाळ्याकाठचा 😂 पण मला नाही पटत, लूट इतकी गोड करू नका. सुरतेची लूट म्हणा की स्वारी म्हणा यावरून 2024 ला केवढं रण पेटलं होतं विसरलात का? 1664 आणि 1670, दोनदा झाली, आणि ती मोगलांच्या पेठेवरची उघड मोहीम होती, तरी लूट शब्द आला की लोकांना टोचतो. म्हणजे शब्दाला काटा आहेच.

रात्रपाळी
मी बरीच वर्षं पेपरात क्राइम बघितलं म्हणून थोडं. आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात हमखास लिहिणार, "दोघांनी टाकला दरोडा." अरे बाबा दोघांचा दरोडा होत नाही. पाच किंवा जास्त लोक लागतात, चार असले तर ती जबरी चोरी. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली तेव्हा कलमांचे नंबर बदलले, दरोडा 310 झाला, पण पाचाचा आकडा तोच. आणि गळ्यातलं गंठण हिसकावून पळणं याला आता स्वतंत्र कलम आहे, 304. बाकी आमची हेडलाइनची भाषा म्हणजे वेगळाच ग्रह. ऐवज लंपास, डल्ला, पोबारा, हातोहात लांबवले. घरी कोणी बोलतं का असं, आई गं माझा ऐवज लंपास झाला? घरी आपण ढापला म्हणतो.
अजून एक, भामट्यांनी गंडवलं असं मीही शेकडो वेळा लिहिलंय. नंतर एका मित्राने जातीचा दाखला दाखवला, त्यावर भामटा लिहिलेलं, विमुक्त जातींच्या यादीत आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा 1952 ला गेला पण शिवी राहिली. तेव्हापासून मी ठग लिहितो.

पावशेर_लोणी
चोरणे सगळं वाईटच हे कोण म्हणालं? बसमध्ये अंग चोरून बसतो, पाळण्यातलं बाळ उठू नये म्हणून चोरपावलांनी जातो. आमच्या आजोबांच्या बंडीला आतून चोरखिसा होता, त्यात फक्त एसटीच्या परतीच्या तिकिटाचे पैसे, घडी करून करून नोट मऊ पडलेली, वरच्या खिशातलं सगळं संपलं तरी त्याला हात लावायचे नाहीत. होळीला आम्ही गोवऱ्या चोरायचो तेही गावाला चालायचं, म्हाताऱ्या शिव्या द्यायच्या पण त्या शिव्यापण ठरलेल्या. माझ्या मते फरक इतकाच की चोरणे म्हणजे लपवून आणि लुटणे म्हणजे चारचौघांत. काकूंनी गाळण्या दार उघडं ठेवून, बायका बोलावून वाटल्या, म्हणून लुटल्या.

कानपूरची_सून
@पावशेर_लोणी हे नवऱ्याला वाचून दाखवलं, पटलं म्हणाला. रविवारी जाऊन आले, गाळणी छान आहे, बारीक जाळीची. तिथेच काकूंच्या नातवाचं बोरनहाण पण होतं, सगळी पोरं बोरं, चुरमुरे, गोळ्या ओरडत लुटत होती आणि माझा हिरो दोन चॉकलेटं सतरंजीखाली सरकवून त्यावर मांडी घालून बसला. विचारलं तर म्हणे, मी लुटली. नवरा म्हणाला नाही बेटा, तू चोरलीस.

रंकाळ्याकाठचा
मांडीखाली हाय तोवर ढापली म्हणायची. चोरली वगैरे सापडल्यावर.