समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय चालतं? 'इन ट्रीटमेंट' ही अमेरिकी मालिका कुठून बघायला सुरुवात करू?

तापीकाठ, जळगाव
आई गेल्यापासून आप्पा आमच्याकडेच आहेत. अमळनेरजवळच्या गावातलं घर बंद आहे. दिवसभर गॅलरीत बसतात. विचारलं की एकच उत्तर, "माले करमस नही." समुपदेशकाकडे जाऊ म्हटलं, तर "मी काय येडा शे का?" त्यांना न्यायच्या आधी तिथे काय होतं ते मला स्वतःला समजून घ्यायचंय. कुठला सीझन आधी बघू?

केळीबाग, रावेर
दादा, थेट तिसरा बघा, 2010 चा. त्यात इरफान खान सुनील झालाय. कोलकात्याचा निवृत्त गणित शिक्षक, बायको वारल्यावर ब्रुकलिनला मुलगा-सुनेच्या घरी येऊन राहिलेला. तेच दोघं त्याला मालिकेतल्या समुपदेशकाकडे, डॉ. पॉल वेस्टनकडे आणतात. हे वाचतानाच तुमचे आप्पा दिसले ना? शेवट सांगत नाही, पण तो सोपा नाही.

सातपुडा, शहादा
मी पहिलाच सुचवेन, 2008 चा. भाग 43 आहेत, पण अर्ध्या-अर्ध्या तासाचे. सोमवार ते गुरुवार रोज वेगळा पेशंट आणि शुक्रवारी पॉल स्वतःच जीनाकडे, त्याच्या समुपदेशकाकडे, जाऊन बसतो. मला सगळ्यात जास्त तेच भिडलं. ऐकून घेणाऱ्यालाही कुणीतरी ऐकून घेणारं लागतं. बुधवारची सोफी तर चुकवूच नका. शाळकरी जिम्नॅस्ट, अपघातानंतर दोन्ही हात प्लास्टरमध्ये. ती बरी व्हायला आलेलीच नसते, तिला फक्त डॉक्टरांचं लेखी मत हवं असतं. तरी हळूहळू बोलायला लागते. 'येडा शे का' म्हणणाऱ्यांचंही असंच होतं, माझ्या मामांचं झालं.
एक मात्र ध्यानात ठेवा. सोमवारच्या लॉरात पॉल स्वतःच गुंततो. चांगल्या समुपदेशकाने ती रेघ ओलांडायची नसते, त्यावरून सगळ्यांना मोजू नका.

केळीबाग, रावेर
ताईंचं पटलं. आणि आप्पा यायला तयार नसतील, तर आधी तुम्हीच 14416 ला फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, मराठीतही बोलतात. घरच्यांनीही विचारलेलं चालतं.

तापीकाठ, जळगाव
काल सुनीलचे दोन भाग पाहिले. आप्पांना कुणी काही विचारलं की आधी मीच उत्तर देतो, हे पहिल्यांदा जाणवलं. आज सकाळी गॅलरीत नुसता शेजारी बसलो. बराच वेळ गेला, मग ते आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीबद्दल बोलायला लागले. शनिवारी त्यांना घेऊन गावचं घर उघडून येतो. डॉक्टरांचं त्यानंतर विचारेन.