प्रतिसाद: डिकीचे शॉकर दोन्ही एकदमच बदला

सकाळी डिकीचं दार डोक्यावर येतं आणि दुपारी मात्र नीट थांबतं, म्हणजे शॉकर (दार वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या नळ्या) अजून चालतील का, असं वर विचारलंय. माझ्या मते बदलायची वेळ आली आहे. आत दाबाखाली नायट्रोजन असतो. तापमान 30 वरून 10 अंशांवर आलं की दाब साधारण 6-7 टक्के उतरतो. धडधाकट शॉकर तेवढं सहज पेलतो. तुमचा काठावर आलाय, म्हणून थंडीत उघडा पडतो.

नळीतून बाहेर येणाऱ्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर गॅस आणि तेल आत अडवणारं सील गेलं समजा. दांड्याला ग्रीस लावू नका, धूळ चिकटून सील घासतं. कोरड्या फडक्यानं पुसलं की पुरे.

नवा घेताना नळीवरचा आकडा वाचा. 400N असं काहीतरी छापलेलं असतं, N म्हणजे न्यूटन, शॉकरचा जोर. तोच आकडा आणि तीच लांबी हवी. जास्त जोराचा बसवला तर बिजागरीवर ताण येतो.

काढताना आधी दाराला भक्कम टेकू द्या किंवा कुणाला तरी धरायला सांगा. माझ्या भावानं एकट्यानं पहिला शॉकर काढला आणि दार थेट खांद्यावर आलं, आठवडाभर हात वर होत नव्हता. शॉकरच्या टोकाच्या सॉकेटवरची (खोबणीवरची) पत्र्याची क्लिप बारीक स्क्रू ड्रायव्हरनं थोडीशीच उचला, सॉकेट ज्या गोल बोल्टवर बसलेलं असतं त्या गोळ्यावरून आपसूक सुटतं. बसवताना दार बंद असताना दांडा खाली राहील असं पाहा, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं. आणि जुना शॉकर कापू किंवा जाळू अजिबात नका, दाब अजून शिल्लक असतो.