अँड्र्यूज सिस्टर्सचं कौतुक जरा जास्तच होतं का?

खर्जवेडा: स्विंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या १९३०-४० च्या दशकांतल्या जॅझच्या, काळातल्या गाणाऱ्या बहिणींचा विषय निघाला की गाडी थेट अँड्र्यूज सिस्टर्सवर येते. पॅटी, मॅक्सीन, लव्हर्न. मलाही आवडतात, पण त्यांच्या झगमगाटात न्यू ऑर्लिन्सच्या बॉस्वेल सिस्टर्स पार झाकल्या गेल्या, याचा राग येतो. मार्था पियानो वाजवायची, कॉनी चेलो, व्हेट व्हायोलिन. १९३१ नंतरच्या त्यांच्या रेकॉर्ड ऐका. गाणं सरळ चाललेलं असतं, मध्येच लय बदलते, मेजरचं मायनर (उजळ स्वरांचं उदास) होतं, शब्द मोडून तिघी आपल्याच कुठल्यातरी बनावट भाषेत शिरतात आणि सम गाठावी तशा पुन्हा एकत्र येतात. १९३६ मध्ये हा ग्रुप थांबला. पुढच्याच वर्षी मिनीॲपोलिसच्या या तिघी अँड्र्यूज बहिणींचं 'बाय मिर बिस्टू शेन' तुफान चाललं. बॉस्वेलांच्या गाण्यातलं सोपं तेवढं त्यांनी उचललं. ख्यालाचं भावगीत केलं, आणि आता लोकांना भावगीतच मूळ वाटतं!

लिंबूटिंबू: भावगीत ही शिवी कधीपासून झाली हो? स्विंग हे नाचायचं संगीत. बॉस्वेलांच्या त्या रेकॉर्डवर नाचून दाखवा, तिसऱ्या वळणावर जोडीदाराच्या पायावर पाय पडेल. अँड्र्यूज लय सोडत नाहीत. पॅटी मुख्य चाल गाते, मॅक्सीन वर, लव्हर्न खाली, आणि तिघी बँडमधल्या ट्रंपेटवाल्यांसारख्या एकदम श्वास घेतात, एकदम शब्द तोडतात. त्यांचा संगीत-संयोजक व्हिक शोएन, त्याची अरेंजमेंटही तशीच बांधलेली. सोपं म्हणताय ना, मग घरी तिघांनी बसून दोन ओळी गाऊन बघा. दुसऱ्या ओळीला कुणीतरी एक मुख्य चालीवर घसरतोच. आमच्याकडे तो मी असतो.

मडगांवकार: मधल्या आवाजाचं दुखणं मला ठाऊक आहे. मांडो (गोव्यातली कोंकणी गाणी) गाताना दुसरा आवाज सांभाळत मोठा झालोय, चर्चमध्येही तेच. त्या कानाने ऐकलं तर खर्जवेडांचं बरोबर वाटतं. अँड्र्यूजचे तीन आवाज बहुतेक वेळा समांतर चालतात, बॉस्वेलांचे एकमेकांना ओलांडतात, मध्येच एखादी भलत्याच सुरावर जाऊन उभी राहते आणि तरी बिघडत नाही. पण 'उचललं' हा शब्द पटला नाही. रेडिओवर बॉस्वेलांना ऐकूनच शिकलो, सुरुवातीला त्यांचे दक्षिणी उच्चारसुद्धा गिरवले, हे अँड्र्यूजनी स्वतःच सांगितलेलं आहे. चोर असं सांगत फिरत नाही.

खर्जवेडा: 'उचललं' मागे घेतो. नाचाचा मुद्दाही मान्य. पण प्रभाव कुठवर पोचला ते बघा. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत एला फिट्झगेराल्ड, पुढची मोठी जॅझ गायिका, कॉनीसारखं गायला गेली आणि जिंकून आली. आपण कॉनीसारखं गायला धडपडत होतो, असं ती नंतरही सांगायची. आणि ही कॉनी लहानपणापासून चालू न शकणारी, बसून गाणारी.

कागदपत्रवाला: मुळाचाच हिशोब मांडायचा तर पूर्ण मांडा. 'बाय मिर' हे १९३२ च्या यिडिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) संगीत नाटकातलं गाणं, संगीतकार शोलोम सेकुंडा. त्याचे हक्क ३० डॉलरला विकले गेले, तेही गीतकारासोबत वाटून घ्यायचे! अँड्र्यूजनी १९४५ मध्ये गाजवलेलं 'रम अँड कोका-कोला' मूळ त्रिनिदादचा गायक लॉर्ड इन्व्हेडरचं. अमेरिकी सैनिक आल्यावर बेटावरच्या बायकांचं काय झालं यावरचा तो टोमणा, आणि अमेरिकेत ते पार्टीचं गाणं झालं. कोर्टात जावं लागलं तेव्हा कुठे त्याला न्याय मिळाला. आता बॉस्वेल. ते झुलणं, ती लय न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय गायक-वादकांकडून आली, आणि रेडिओवर नियमित गायची संधी मात्र या गोऱ्या बहिणींना.

लिंबूटिंबू: अहो, गाणी निवडणं, हक्क घेणं हे प्रकाशक आणि रेकॉर्ड कंपनीचं काम. त्या 'रम'च्या खटल्यात बहिणी प्रतिवादी नव्हत्या.

कागदपत्रवाला: नव्हत्या. पण ओळी तर त्यांच्याच तोंडी होत्या ना? 'आई आणि मुलगी दोघी यांकी डॉलरसाठी राबतात' हे इतक्या हसऱ्या आवाजात गाताना अर्थ लागला नसेल?

मडगांवकार: अर्थ न लावता गाणारे आम्ही चर्चमध्ये ढीगभर होतो, लॅटिनमध्ये. खर्जवेडा, बॉस्वेलांच्या दोन-तीन रेकॉर्डची नावं टाका. या रविवारी आमच्या मुलांना मधला आवाज शोधायला लावतो.