कॅन्सासमधलं टॉलग्रास प्रेरी बघायला पप्पांना घेऊन जाऊ का?

राजारामपुरीकर: नमस्कार मंडळी, ऑक्टोबरात विचिटाला ताईकडं चाललोय, पप्पा पण आहेत सोबत, सत्तरी ओलांडलीय आणि गुडघे कुरकुरतात. दाजी म्हणतात टॉलग्रास प्रेरी नॅशनल प्रिझर्व्ह, म्हणजे उंच गवताचं राखीव माळरान, तिथनं जवळ आहे, एक दिवस काढा. पप्पांचं म्हणणं, गवतच बघायचं तर पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जाऊ की, एवढा विमानखर्च कशाला! कुणी गेलंय का? तिकीट किती, चालायला किती लागतं, आणि बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, नीट दिसतात की नुसते ठिपके?

गगनबावडा_रिटर्न: जा ओ बिनधास्त. विचिटापासनं दीडेक तास, कॅसडेला टर्नपाइक (टोलचा हायवे) सोडायचा आणि 177 नंबरचा रस्ता धरायचा, तो रस्ताच लय भारी आहे, नुसत्या टेकड्या आणि आभाळ. तिकीट नाही, फुकट. ऑक्टोबर म्हणजे बरोबर टायमाला चाललाय, बिग ब्लूस्टेम नावाचं तिथलं गवत तेव्हा सगळ्यात उंच असतं, ओढ्याकाठच्या सखल जागेत डोक्याच्या वर जातं पण टेकडीवर कमरेएवढंच, तेव्हा सगळीकडं उसाचा फड असल्यासारखं दिसंल या अपेक्षेनं जाऊ नका. पप्पांना 1881 चं दगडी घर आणि तबेला दाखवा, तिथं फार चालावं लागत नाही. सावली कुठंच नाही, पाणी सोबत घ्या. आणि फुल पँट, मोजे घालाच, गोचीड आहेत.

बायसनचं म्हणाल तर 2009 ला 13 आणून सोडले होते, आता कळप मोठा झालाय. पण कुरण पण अफाट आहे, एकूण जागा जवळपास 11 हजार एकर, त्यामुळं दिसले तर दिसले. 100 यार्डाच्या आत जायचं नाही. राधानगरीच्या गव्यापुढं सेल्फी काढायला जाणारी आपली पोरं आठवली म्हणून मुद्दाम सांगतोय 😄

सडा_आणि_जांभा: पप्पांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. असं गवत तिकडं एकेकाळी 17 कोटी एकरांवर होतं, आता 4 टक्के पण उरलं नाही, बाकी सगळं नांगरून मका-सोयाबीन. फ्लिंट हिल्समध्ये, म्हणजे हे प्रिझर्व्ह आहे त्या टेकड्यांत, राहिलं कारण माती पातळ आणि खाली चुनखडी नि गारगोटी, नांगर चालेना, मग गुरं सोडली. मसाई पठारावर पण खाली जांभा आहे म्हणूनच तर तिथं ऊस नाही. हे सांगा त्यांना, दोन्ही बघायला तयार होतील.

कळंब्याचा_पक्या: तिकडं मार्च-एप्रिलला ते गवत मुद्दाम पेटवतात म्हणे. मग आपल्याकडं डोंगर पेटवला की बोंब का मारतात?

सडा_आणि_जांभा: पक्या, ते वारा-दमटपणा बघून, माणसं उभी करून पेटवतात. न पेटवलं तर झाडं-झुडपं घुसून गवत संपतं, आणि जळल्यावर जो कोवळा फुटवा येतो तो खायला बायसन येतात. आपल्याकडं फेब्रुवारीत कुणीतरी काडी टाकून घरी जातंय आणि आग शेजारच्या जंगलात शिरतीय, रोपं, घरटी सगळं जातंय. दोन्ही एकच कसं?

राजारामपुरीकर: पप्पांना वाचून दाखवलं, गारगोटीवर गाडी अडली, म्हणे दगड बघायला येतो 😂 तिथं जेवायचं काय करायचं? भाकरी-ठेचा बांधून नेला तर चालतो ना?

गगनबावडा_रिटर्न: न्याच, आत हॉटेल नाही. नाहीतर खाली स्ट्रॉंग सिटी किंवा कॉटनवुड फॉल्सला बघा, पण छोटी गावं आहेत, उघडं असंल याची गॅरंटी नाही.